कळपातली रिकामी जागा

हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत घडलंय. अर्धं त्यांनी स्वतः सांगितलेलं, अर्धं मी डोळ्यांनी पाहिलेलं. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. दिवेलागणीला आमच्या मेंढरांपाशी एकदा उभे राहा, मग बोलू.

१९९८ चा एप्रिल. कुरकुंभजवळ, सोलापूर हायवेच्या कडेला.

आम्ही कवठे येमाईचे धनगर. माझे सासरे कोंडिबामामा उन्हाळ्यात मेंढरं घेऊन तिकडं जायचे.

त्या दुपारी एक ट्रक बंद पडला. मागं पिंजरा. आत एकच जनावर.

मेंढीएवढं. अंगावर जाड लोकर. नाक मात्र... सोंडेसारखं लोंबतं.

सोबतचा रखवालदार हिंदी बोलणारा. "चाचा, ये जानवर बहुत दूर के देश का है. वहाँ से लाया है. मैं मेकॅनिक को बुलाता हूँ. हाथ मत लगाना."

मामांनी मान डोलावली.

तो गेला. ऊन चढलं. जनावराच्या त्या लांब नाकातून आवाज यायला लागला...

फुर्रर्र... फुर्रर्र...

मामांना बघवेना. जन्मभर मेंढरं कातरलेला माणूस. एवढी लोकर घेऊन जीव उकडतोय, तेवढंच त्यांना दिसलं. कातर घेतली, कडी काढली, आत शिरले. मेंढीचे बांधतात तसे त्याचे पाय बांधले. डोकं मांडीवर घेतलं.

जनावर हललंसुद्धा नाही.

"मला वाटलं गार वाटतंय, म्हून गप पडलंय," मामा सांगायचे.

कातरून झालं. पाय सोडले.

ते उठलंच नाही...

रखवालदार परत आला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला. "डर से मर गया, चाचा," एवढंच म्हणाला.

मामांनी पुन्हा कातर हातात धरली नाही.

मी सून म्हणून आले ती पुढच्या वर्षी. पहिल्याच संध्याकाळी पाहिलं. रात्री कळपाभोवती लावतात त्या जाळीच्या आत मेंढरं एकमेकांना खेटून बसली होती. पण मधोमध एक जागा रिकामी.

एका मेंढीच्या मापाची.

मी एक कोकरू तिथं ढकललं. ते थरथरत परत आलं.

आणि मग... फुर्रर्र...

मामा जाळीबाहेर हात जोडून बसले होते. शेजारी त्यांचं कुत्रं.

"लई चुकलं बाबा माझं," ते पुटपुटत होते. रोज असंच. आत मात्र जायचे नाहीत. म्हणायचे, "कंच्या तोंडानं जाऊ?"

शेवटी सासूबाई, सरूआत्या, वैतागून म्हणाल्या, "अवो, किती जाळताय जीव? वर गेल्यावर भेटंल तवा मागा की माफी!"

मामांनी मान डोलावली.

२००४ च्या माघात मामा गेले.

दहाव्याच्या संध्याकाळी मेंढरं जाळीत बसली. सवयीनं माझी नजर रिकामी जागा शोधायला गेली.

दोन होत्या.

एक त्या टोकाला. दुसरी अलीकडं, माणूस मांडी घालून बसेल एवढी.

आत्यांनी डोळ्याला पदर लावला. "भेटलं गं पोरी त्येस्नी. सुटले."

मलाही बरं वाटलं. पण मी तिथून हलले नाही.

मेंढरं सरकायला लागली... कुणी वाट काढत यावं तशी. माणसाची जागा पुढं आली.

जनावराची मागं गेली. पार जाळीला टेकली.

माणसाची आणखी पुढं.

फुर्रर्र... फुर्रर्र... फुर्रर्र...

रोज हेच. मामा माफीच मागायला जात होते, मला ठाऊक आहे. पण त्या मुक्या जिवाला ते कसं कळावं? त्याला तेच हात दिसत असणार.

एके दिवशी मला ऐकवेना. मी ओरडले, "मामा, नका ओ जाऊ त्याच्याजवळ! तुम्हालाच भितंय ते!"

माणसाची जागा थांबली.

मग मेंढरं सावकाश एकत्र आली... आणि ती जागा बुजून गेली.

आवाज बंद झाला. आत आता पुन्हा जनावराची तेवढी एकच जागा रिकामी असते.

आत्या विचारतात, "तुझं मामा कुठं गेलं गं?" आत्यांनी सांगितलं ते मामांनी ऐकलं, मी सांगितलं तेही ऐकलं.

कुत्रं मात्र रोज दिवेलागणीला जाळीबाहेर जातं. मामांच्या जुन्या जागेपाशी. शेजारी कुणी बसलं असावं तशी वर मान करतं... आणि शेपूट हलवतं.