कानामागची झडप

“अहो, उचला तो! आधी उचला!”

रेंगानिस इतक्या जोरात ओरडली की तिच्या मांडीवरच्या मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फरशीवर सांडल्या. नवरीच्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून ती नवरीच्या केसांवर घालायची कळ्यांची जाळी ओवत बसली होती, आणि या माणसाने भलामोठा स्पीकर आणून थेट तिच्या डोक्याला भिडवला होता.

त्याने तो घाईघाईने पुन्हा छातीशी धरला. “एवढा वाईट आवाज नाही हो याचा. अजून लावलासुद्धा नाही…”

“आवाजाचं नाही. आत लोहचुंबक असतं ना?”

“असतं. चांगलं दणकट आहे. पण तुम्ही काय लोखंडाच्या आहात?”

“थोडीशी,” ती म्हणाली, आणि कळ्या वेचायला खाली वाकली.

त्याचं नाव गिलांग. जावा बेटावरच्या बोगोर शहरातल्या लग्नांना स्पीकर, माईक, दिवे पुरवायचं त्याचं काम. स्पीकर लांब ठेवून तो परत आला, उकिडवा बसला आणि एकेक कळी पाण्यात खळबळून तिच्या ओंजळीत टाकू लागला. बाहेर रोजची दुपारची सर मांडवावर धडधडत होती. दोघांची बोटं एकदा एकमेकांना लागली… दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

बोगोरात लग्नांचा हंगाम असला की तीच तीच माणसं पुन्हा भेटतात. पुढच्या मांडवात तो लांबूनच ओरडला, “लोखंडी बाई, इथवर चालेल का?” त्याच्या पुढच्या मांडवात त्याने तिच्यासाठी अळूच्या कंदाचे गरम तळलेले काप आणले. हळूहळू ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, आणि ती त्याला कांग म्हणू लागली – कांग गिलांग. तसं इथे वयाने मोठ्या कुणाही मुलाला म्हणतात. पण ती ते जरा हळू म्हणायची.

एका दुपारी, वऱ्हाड जेवायला बसलेलं असताना, तिने सांगून टाकलं.

“सगळ्यांच्याच मेंदूत पाणी असतं, कांग. तयार होतं नि मुरतं. माझं जन्मापासून मुरत नाही. म्हणून डोक्यात बारीक नळी बसवलीय. कानामागे तिची झडप. तिथून मानेच्या कातडीखालून ती पोटात उतरते. पाणी किती सोडायचं ते डॉक्टर बाहेरून चुंबकाने ठरवतात. तुझा स्पीकर डोक्याला टेकून राहिला असता तर…”

“म्हणजे तुला नळ बसवलाय!”

“आणि तो तुंबतो.” ती हसली. तो हसला नाही. “लहानपणी एकदा तुंबला, शाळेत असताना एकदा. दर वेळी कापावं लागतं. पुन्हा कधी, ते कुणी सांगू शकत नाही. उद्या… किंवा कधीच नाही.”

“मग?”

“मग काही नाही. एक स्थळ आलं होतं मागे. त्यांनी हे ऐकलं, चहा पूर्ण प्यायले आणि गेले. तेव्हापासून अंबू म्हणते, पोरी, दुसऱ्यांच्या नवऱ्या सजव, आपलं मन त्यात गुंतवू नकोस.” अंबू म्हणजे तिची आई. कळी दोऱ्यात सरकवत ती म्हणाली, “बरोबरच बोलते ती.”

गिलांगने पुढची कळी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाला, “मी चहा पीत नाही.”

तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते हसण्याचंच होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

पुढचे काही आठवडे ती सुखात होती. आणि सुखात होती म्हणूनच तिने लपवलं. सकाळी उठल्याबरोबर डोकं फुटायचं, उलटी व्हायची, मग दिवसभर झापड. थकवा असेल, ती म्हणायची. अंबू म्हणायची, झोपू दे, दमते पोर. शेवटी एका मांडवात गिलांग तिच्या हातातली माळ बघत थांबला.

“आज ओळ वाकडी का गं?”

“दोन दोन कळ्या दिसतायत. कुठल्या कळीत सुई घालायची तेच…” तिने हे थट्टेत म्हटलं.

त्याने सुई तिच्या हातातून काढून घेतली. “चल. गाडीत बस.”

“जाळी अर्धी राहिलीय. नवरी –”

“नवरीचं लग्न होईल तुझ्यावाचून. उठ!”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि लपवालपवी करणाऱ्यांतल्या नव्हत्या. नळी तुंबली होती. कानामागे केस काढून तिथे चीर देणार, पोटावर एक छोटी. जुनी नळी काढून नवी घालणार. जागी झाल्यावर डोकं, मान, पोट ठणकेल. बहुतेक दुसऱ्या दिवशी बसवतील, मग चालवतील.

“आणि मग बरी होईल ना?” मागून धावत आलेल्या अंबूने विचारलं.

“मोकळी होईल. बरी म्हणणार नाही मी. नळी आयुष्यभराची आहे. कधी जंतू शिरतात, कधी पुन्हा तुंबते. लवकर ओळखलं तर निभावता येतं.”

अंबू पदराआड रडली – नळीसाठी नव्हे, केसांसाठी. रेंगानिसने गिलांगकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मी बाहेरच बसेन,” तो म्हणाला. “शुद्धीवर आलीस की पहिला मीच दिसेन. शप्पथ.”

ती शुद्धीवर आली तेव्हा अंबू दिसली. परिचारिका दिसली. छताला ओल आलेली दिसली. गिलांग दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला उठवून बसवलं, चालवलं, पेज भरवली. प्रत्येक वेळी दार वाजलं की मान दुखत असूनही ती वळून बघायची.

“चहा पीत नव्हता म्हणे,” ती एकदा म्हणाली. अंबूला काहीच कळलं नाही.

मग ताप भरला. जखमेपाशी लाली चढली. जंतू शिरले होते. नवी नळी काढावी लागली. पाणी आता डोक्यातून बाहेर, खाटेशेजारी टांगलेल्या पिशवीत उतरू लागलं. पिशवीची उंची मोजूनमापून ठरवलेली, त्यामुळे परिचारिकेला विचारल्याशिवाय उशी हलवायची नाही, उठायचं नाही. शिरेतून औषध चालू. जंतू गेले की पुन्हा शस्त्रक्रिया. खिडकीबाहेर पाऊस पडत राहिला आणि ती आढ्याकडे बघत पडून राहिली. कशाचीच वाट बघायची नाही, हे तिला आता चांगलं जमायला लागलं होतं.

अशाच एका दुपारी तो आला. दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट भिजलेला.

“जा,” ती म्हणाली.

“निस… ऐक तरी. मी आलो होतो त्या दिवशी. खाली, गाड्या लावतात ना, तिथे बसून होतो संध्याकाळपर्यंत. आत पाऊल पडेना. माझे वडील असेच ढकलगाडीवरून आत गेले होते. हसत. मी बाहेर बसलो होतो… ते बाहेर आलेच नाहीत.”

पिशवीत थेंब पडत होता.

“मी भित्रा आहे,” तो म्हणाला. “तुला धीट माणूस हवा.”

“मला धीट माणूस नकोय!” तिचा आवाज फाटला. मान हलवता येत नव्हती, म्हणून ती छताकडेच बघत बोलली. “भीती मला नाही वाटत? तू घाबर, रड, काय हवं ते कर… पण आत येऊन कर. इथे. माझ्यासमोर.”

तो आत आला. फरशीवर खाटेला टेकून बसला आणि खरंच रडला, लहान मुलासारखा, आवाज करत. शेजारच्या खाटेवरच्या आजीने त्याला आपला पंचा दिला.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी ढकलगाडी शेवटच्या दारापर्यंत गेली, तोवर त्याने तिचा हात सोडला नाही. अंबूने आपला हात दोघांच्या हातांवर ठेवला.

जाग आली तेव्हा सगळं दुखत होतं. डावा हात जड, बोटं परक्यासारखी – पुन्हा नळी घालताना मेंदूला थोडा धक्का बसला होता. पुन्हा कळ्या कधी ओवता येतील, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. रेंगानिसने विचारलंही नव्हतं. खाटेपाशी तो होता.

“कांग.”

“हं?”

“हे पुन्हा होईल. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.” तो जरा पुढे झुकला. “मला शिकव. काय काय बघायचं?”

“डोकं दुखायचं थांबत नसेल… सकाळी उलटी झाली… ताप आला. आणि मी फार झोपायला लागले, तर ‘झोपू दे बिचारीला’ म्हणायचं नाही. उठवायचं. नाहीच उठले, तर उचलून इथे आणायचं.”

“रोज सकाळी उठवून बघू?”

“हो.”

“पण मग…” तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “रोज सकाळी उठवायचं, तर मला तिथेच असायला हवं ना. त्याच घरात.”

रेंगानिसने डोळे मिटले. उजवा हात चादरीवरून हळूहळू सरकवत तिने त्याची बाही धरली.

“मग अस,” ती म्हणाली.