बारा हवे होते, नऊ झाले

हंगामाच्या पहिल्याच सामन्याला ती चुकून त्याच्या खुर्चीत बसली होती. तो तिकीट हातात धरून उभा राहिला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा, बसा... खुर्चीला काय, कुणीही चालतं." मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीत, जी खरं तर तिची होती, हळूच टेकला. पुढे अदलाबदल कुणी केलीच नाही. सहा महिने, दर रविवारी, दोघं एकमेकांच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल बघत राहिले.

ती दातांच्या कवळ्या बनवायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती त्याला लिफ्टवाले म्हणायची, तो तिला दातवाल्या बाई. सामन्यात भेटायचं, भांडायचं, हसायचं आणि फाटकाशी आपापल्या वाटेला लागायचं. सामना नाही तर भेट नाही, असा साधा मामला.

म्हणून तर आज तिचा जीव टांगणीला लागला होता. साखळीतला हा शेवटचा सामना. गुणतक्ता असा होता की प्लेऑफ, म्हणजे पुढची फेरी, गाठायला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, बारा गुणांनी जिंकायला हवं होतं. गाठलं तर निदान अजून एक रविवार पदरात पडणार. नाही तर... ती पुढचा विचारच करत नव्हती.

चार मिनिटं उरली तेव्हा आघाडी सोळाची होती. आणि कोचने काय करावं? आपले बिनीचे दोन खेळाडू बाहेर बोलावले आणि वर्षभर बाकावर बसलेली दोन पोरं आत पाठवली. सोळाचे चौदा झाले, चौदाचे अकरा... लाकडी मैदानावर बूट करकरत होते आणि ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. भोंगा वाजला तेव्हा नऊ. लोक जिंकल्याच्या टाळ्या वाजवत होते आणि ती रुमाल पिळत बसली होती.

वर मोठ्या पडद्यावर कोचची मुलाखत लागली. "गुणतक्ता?" तो शांतपणे म्हणाला. "तो मी बघितलाच नव्हता."

झालं. जिन्यावर सभाच भरली.

"बघितला नाही म्हणे," ती धुसफुसली. "घरी जाताना घराचा नंबर तरी बघतो का हा माणूस?"

"माहीत होतं त्याला," मागच्या रांगेतल्या, औषधांचं दुकान चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. "माहीत असून दाखवायचं नाही, अशी माणसं असतात गं बाई." हे बोलताना त्यांनी लिफ्टवाल्याकडे असं काही पाहिलं की तो उगाचच जिन्याचा कठडा हलवून बघू लागला.

"जिंकले ना," तो पुटपुटला. "ते काय कमी आहे?"

"तुमचं बरंय हो. तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही." बोलून गेली खरी, आणि तिचे कान तापले.

बाहेर आले तर बाजूच्या दारातून कोच एकटाच निघाला होता, खांद्याला बॅग. मावशी कसल्या सोडतात. "अहो कोचसाहेब, खरं सांगा. माहीत होतं ना?"

तो थबकला. आजूबाजूला पत्रकार नाही हे पाहिलं. "होतं, मावशी. आठवडाभर बाराचा आकडा झोपेतसुद्धा दिसत होता. पण त्या दोन पोरांनी वर्षभर बाकावर बसून दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळले. आज नाही तर कधी खेळवायचं त्यांना? सोळा आहेत, निभावतील असं वाटलं. अंदाज चुकला माझा."

"मग बघितलाच नाही असं का सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही तर उद्या सगळे त्यांना बोलले असते. मला बोलू देत की, माझ्या पाठीला सवय आहे." तो हसला आणि चालू लागला.

"देव भलं करो बाबा तुझं," म्हणत मावशींनी डोळे टिपले आणि बस धरायला वळल्या.

फाटकाशी दोघंच उरले. दिव्याखाली भुरभुर पाऊस दिसत होता, अंगाला मात्र जाणवत नव्हता.

"बारा हवे होते, ते मलाही माहीत होतं," तो खाली बघत म्हणाला. "सकाळपासून बोटांवर मोजत होतो."

"मग ओरडला का नाहीत? माझा घसा बसला ओरडून."

"तुम्ही संघासाठी ओरडत होतात. मी ओरडलो असतो तर... कशासाठी ओरडतोय, ते तुम्हाला कळलं असतं."

ती त्याच्याकडे वळली. "मी संघासाठी ओरडत होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने मान वर केली. आता गप्प बसलं तर हंगाम खरंच संपला, हे तिला कळत होतं.

"पुढच्या रविवारी सामना नाही," ती म्हणाली. "तरी सहाला मी इथे येणार आहे."

"फाटक बंद असेल."

"असू दे. बाहेर उभी राहीन."

"एकट्याच?"

"ते तुम्ही ठरवायचं."

त्याने केसांवरचं पाणी झटकलं आणि चेहराभर हसला.

"साडेपाचला या ना," तो म्हणाला. "सहा म्हणजे अर्धा तास फुकट जायचा."