नवव्या खड्ड्याचं सारवण

माझं सारवण धारुरात लांबून ओळखू यायचं. लहानपणी उजव्या हाताची करंगळी चरकात गेली, अर्धीच उरली. म्हणून माझ्या प्रत्येक फराट्यात शेवटची रेघ अर्ध्यातच तुटायची. बाया बघून म्हणायच्या, हे गंगासागरचं अंगण.

लेकीची लेक शिवांजली म्हणती, आजी, तू लई थापा मारती. मारते की. किल्ल्यातली निम्मी भुतं मीच पाळलेली हायत. पण ह्या गोष्टीत मी कधी काई घातलं न्हाई. उलट एक गोष्ट आजवर काढून ठेवलती, ती आज सांगते.

शहाण्णव साल व्हतं. मोटारसायकलच्या नव्या कंपनीची गावात एकच एजन्सी निघाली अन् मागणारे दोघं. एक माझा एकुलता एक ल्योक रवि, दुसरा तात्याबा पाटलांचा भारत. दोघं पुण्याला एकाच ठिकाणी नोकरीला व्हते, तिथल्या सायबासंगं गोल्फ शिकलते. शाळंपासून दोघांचं पटायचं न्हाई अन् एकमेकांवाचून करमायचं बी न्हाई. ठरलं असं, की किल्ल्यामागच्या माळावर गोल्फ खेळायचा. जिंकंल त्यानं एजन्सी घ्यायची. हरंल त्यानं अर्ज मागं घेऊन कायमचं पुण्याला जायचं.

त्योच माळ कावून, तर तिथं खड्डे आदीपासून व्हते. नऊ. इंग्रजाच्या वक्ताला मोमिनाबादच्या, म्हंजे आत्ताच्या अंबाजोगाईच्या छावणीतले दोन गोरे घोड्यावर यायचे. लाकडाची दांडकी, झाडाच्या चिकाचे चेंडू. रवि म्हणायचा, आई, हा खेळ त्यांच्याकडं बी मेंढरं चारायच्या माळावरच जन्मला. आमच्या सासूबाई वच्छलाबाई दुसरंच सांगायच्या. ते दोघं गोरे वैरी व्हते. एका दिवशी एकाचा चेंडू घळीत गेला, तो हुडकायला उतरला, दुसरा हातात घड्याळ धरून वर थांबला. दिवे लागले तरी थांबलेलाच व्हता.

माळावर गवत टिकत न्हाई. म्हणून खड्ड्याभोवती सारवायचं, वाळलं की चेंडू काचंवानी पळतो. रवि बाई लावू म्हणला. मी म्हणलं, घरात मी मेले का?

आठ खड्डे सरळ सारवले. नववा घळीच्या काठाला. भारत जोरात मारायचा, रवि हळू, हे मला ते गोट्या खेळायचे तवापासून ठाव. मी घळीच्या अंगाला माती खरवडली, बोटभर उतार दिला, अन् वरून शेण फिरवलं. हळू आलेला चेंडू थांबंल, जोरात आलेला जाईल.

हेच ते. आजवर सांगितलं न्हाई.

हात धुऊन वळले, तर वल्या सारवणावर बुटाचे दोन ठसे. टाचंला खिळ्यांच्या खुणा. यायची वाट न्हाई, जायची न्हाई. तोंड घळीकडं. मी हात फिरवला, पुसून टाकले. घागर उचलायला वाकले, परत बघितलं, तर पुन्हा दोन.

ह्या वक्ताला तोंड माझ्याकडं व्हतं.

दुसऱ्यांदा पुसले अन् घरी आले. कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर उतार बी सांगावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खेळ झाला. आठ खड्ड्यांपस्तोर दोघं बरोबरीत. नवव्याला रविचा चेंडू खड्ड्यापासून वीतभर थांबला. भारतचा आला, सारवणावरून सरकला अन् घळीत गेला.

भारत हसला. "घड्याळ लाव बे. पाच मिन्टं हायत मला."

हरवलेला चेंडू पाच मिनिटं हुडकायचा, मग सोडायचा, असा त्यांच्यात नेम. घळ ती किती, कमरंइतकी. दोन बोरीची झुडपं. भारत खाली उतरून वाकून हुडकायलता, त्याची पांढरी टोपी आमाला वरून दिसायली व्हती.

"घावला," तो खालून म्हणला. मग थोडं थांबून, "दोन हायत इथं. माझा कोणता?"

रविला इचारलंच नव्हतं. भारत दुसरीकडं तोंड करून इचारायलता.

मग टोपी दिसंना.

आमी उतरलो. झुडपं व्हती. दगड व्हते.

आठ दिवस गाव हुडकत व्हतं. तात्याबा पाटील दगड उलटे करून बघायचे, जसा काई पोरगा दगडाखाली बसंल.

एजन्सी कुणीच घेतली न्हाई. रवि मात्र गावातच ऱ्हायला. मला तेच पाहिजे व्हतं. रोज दुपारी माळावर जातो, घड्याळ बघत काठाला उभा ऱ्हातो. जेवायला बोलावलं की म्हणतो, "व्हऊ दे की आई, पाच मिन्टं तर व्हऊ दे." आता त्याचे केस पिकलेत.

त्या दिवसापासून मी शेणात हात घातला न्हाई. अंगणाला फरशी घातली.

काल त्याचा डबा घेऊन माळावर गेलते. नवव्या खड्ड्याभोवतीचं सारवण वलं व्हतं. घळीकडं बोटभर उतार. वर ताजे फराटे, अन् प्रत्येक फराट्यात शेवटची रेघ अर्ध्यातच तुटलेली.