सुटली म्हणा

चार्जरला लावलेला मोबाइल.

तव्यावर करपलेली भाकरी.

शाळेच्या पटांगणात मांडलेल्या खुर्च्या. साक्षीदाराची रिकामी.

भाड्याच्या खोल्यांमागं, पाच नंबरच्या मोरीतून टपकणारं पाणी.

दाराशी वैष्णवीच्या चपलांचे दोन्ही जोड.

नेऱ्याच्या पुढच्या त्या गावात राष्ट्रीय निवडणूक सुधारणा आयोगाची सुनावणी होती आणि साक्षीदारच नाहीशी झाली होती. गेल्या खेपेला सरपंचपदाचा देवळात लिलाव झाला. कळसासाठी सगळ्यांत मोठी देणगी बोलला तो शैलेश. तो बिनविरोध आला, वैष्णवीला उमेदवारी अर्ज मागं घ्यायला लावलं गेलं. आज ती हे सांगणार होती. दुसरं कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. दुपारी आयोग निघणार. ती आली नाही, तर अहवालात या लिलावाची एक ओळही येणार नव्हती.

आयोगाची तपास अधिकारी उत्कर्षा धावतच वैष्णवीच्या घरी आली. सासरा भिवाजी अंगणात येरझारा घालत होता.

"काका, कधीपासून दिसली नाही?"

"सकाळपासनं. भाकरी टाकली अन् गेली कुटं तरी. त्या शैलेशला विचारा. त्यालाच भ्या हाय तिचं."

शैलेश फाटकाशीच उभा होता.

"म्याडम, आयोग गावात असताना मी तिला पळवीन व्हय? एवढा येडा सरपंच गावानं निवडला असता का?"

"गावानं निवडलाच कुठं?"



उत्कर्षा आवारातल्या भाड्याच्या खोल्यांमागं जाऊन आली.

"पाच नंबरमध्ये कोण राहतं, काका?"

"कुनी न्हाई. आयटीतला पोरगा व्हता, खोली सोडून गेला."

"मग पाणी चालू?"

"छ्या! रिकाम्या खोलीचा कॉक बंद असतोय. टँकरचं पानी हाय, फुकट घालवू व्हय?"

"कॉक कोण फिरवतं?"

"मीच. दुसऱ्या कुनाला हात लावू..."

भिवाजीचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"दोन्ही जोड दाराशी आहेत," उत्कर्षा म्हणाली. "म्हणजे ती आवाराबाहेर गेलीच नाही. भाकरी तव्यावर टाकून उठली, म्हणजे हाक घरच्याच माणसानं मारली. आणि ज्यानं पाच नंबरमध्ये कोंडलं, त्यानं तिच्यासाठी पाणी सोडलं. पळवणारा एवढी काळजी करत नाही. किल्ली द्या, काका."

कुलूप निघालं. वैष्णवी फरशीवर बसली होती. हात मोकळे, तोंड मोकळं.

"ओरडली का नाहीस?"

ती नुसती सासऱ्याकडं बघत राहिली. ओठ घट्ट.

उत्कर्षा वळली. "कुलूप नावाला होतं. तुम्ही तिला शपथ घातलीत. कोणाची?"

"साहिलची. नातवाची माज्या." भिवाजी म्हणाला. "भंडारा उचलून आन घेतलीया मी देवळात. घरातलं कुनी बोलनार न्हाई म्हून. ती बोलली तर देव घरावर उठंल."

"भंडारा तुम्ही उचललात. तिनं नाही. आणि तिला घातलेली शपथ घालणाऱ्यानंच सोडवायची असते. सुटली म्हणा."

"काका, गप ऱ्हावा!" शैलेश ओरडला. "देवाचं काम हाय ते!"

"देवाचं?" भिवाजी त्याच्याकडं वळला. "बोली तू लावलीस. देवानं न्हाई."

मग सुनेकडं न बघताच म्हणाला, "सुटली."

वैष्णवी उठली. "चला म्याडम. लई बोलायचंय."

गेल्या निवडणुकीत अर्ज भरायला तिला मोटारसायकलवर पौडच्या तहसील कचेरीत भिवाजीच घेऊन गेला होता.