डोंगराच्या चहाचा माग

"थांबा," नेत्रा म्हणाली. "हा माझ्या आईचा वास हाय."

झिलू आणि सूरज थांबले. दसऱ्याची सुट्टी लागली होती आणि तिघं ओढ्यावर खेकडे धरायला निघाली होती. खेकड्यांची टोपली सूरजनं डोक्यावर उपडी घातली होती. त्यामुळे त्याला दिसत कमी होतं, पण बोलायला मात्र जोर चढला होता.

"मला तर शेणाचा येतोय," तो म्हणाला.

"टोपली काढ आधी," झिलूनं त्याला दटावलं.

वास येत होता महाबळेश्वरमामांच्या होमस्टेमधून. पडवीत पुण्याचे पाहुणे वाफाळते पेले घेऊन बसले होते.

नेत्राची आई, देवकी, गोव्यात एका ग्रीक बाईंच्या घरी कामाला होती. म्हातारपणी त्या बाई आपल्या देशात परत गेल्या आणि देवकीला सोबत घेऊन गेल्या. गेल्या वर्षी ती सुट्टीवर घरी आली, तेव्हा रोज संध्याकाळी तिकडचा 'डोंगराचा चहा' उकळायची. तो काही आपल्या चहासारखा नसतो. तिकडच्या बोडक्या डोंगरांवर उगवणाऱ्या त्या वाळक्या काड्या, त्यांना पांढुरकी लव आणि पिवळी फुलं. खोकला झाला, पोट बिघडलं, पाहुणा आला, की तिकडे लोक याच काड्या पाण्यात घालतात. आई परत गेल्यावर तिच्या शालीला तो वास बरेच दिवस राहिला. मग काकूनं शाल धुतली. त्यावरून नेत्रा काकूशी किती दिवस बोलली नाही, ते विचारू नका.

यंदा आई येणार नव्हती. बाईंना आता एकटं सोडता येत नव्हतं. म्हणून तिनं गोव्याला परतणाऱ्या एकीबरोबर त्या चहाची जुडी पाठवली होती. दोघींनी एकाच वेळी, फोनवर बोलत, तो चहा प्यायचा असं ठरलं होतं. रामनगरला जुडी बसच्या ड्रायव्हरकडे दिली गेली, आणि पुढे तिचा पत्ताच नाही. "मी तुमच्या कुंभारवाड्याच्या थांब्यावर उतरवली," एवढं सांगून ड्रायव्हर मोकळा झाला. आई फोनवर विचारायची, "पोचली का गे?" आणि नेत्रा म्हणायची, "येईल." पण मनातून तिला रडू यायचं.

तिघं पाणी मागायच्या निमित्तानं पडवीत शिरली.

"काय सुंदर कषाय आहे हो," शिल्पाताई नावाच्या पाहुण्या म्हणत होत्या. "घसा अगदी मोकळा झाला. कसला काढा आहे हा?"

"आमच्या रानातली वनस्पती, ताई," मामा मिशीला हात लावत म्हणाले. "दिग्गीच्या बाजूला, डोंगरात. दुसरीकडं कुठं मिळायची न्हाई. आमच्या आजोबांना तेवढी ठाऊक होती."

झिलूला पाणी पिता पिता ठसका लागला. त्याचं घर दिग्गीला. रानातली पानं तो शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त ओळखत होता.

"खोटं बोलतोय," तो नेत्राच्या कानात कुजबुजला. "सांगून टाक."

"आता सांगितलं तर न्हाई म्हणतील," नेत्रा हळूच म्हणाली. "आणि उरलेली जुडी लपवून ठेवतील." मग ती पाहुण्यांकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, उद्या सकाळी मामांसंगती रानात चला की. ते झाड दाखवतील."

"खरंच? आम्हाला आवडेल."

मामांनी हातातला पेला घाईनं खाली ठेवला. "सकाळी लई दव असतंय. जळवा असतात."

"मीठ घेऊ की," सूरज मदतीला धावला. "मी टोपली भरून आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात निघाली. मामा पुढे, पाहुणे मागे, आणि शेपटाला ही तिघं. मामा पाहुण्यांना सगळं दाखवत होते, पक्षी, वारूळ, अस्वलाची नखं उमटलेलं झाड. ज्यासाठी निघालो ते मात्र प्रत्येक वळणावर 'जरा पुढं' होतं. शेवटी शिल्पाताई एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्याच्यानं नाही होत."

मामांनी इकडं तिकडं पाहिलं आणि ओहळाकाठच्या एका झुडपाकडे बोट केलं. "हीच ती."

शिल्पाताईंनी पान खुडायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" झिलू ओरडला आणि त्यानं त्यांची बाही धरून मागे ओढली. "खाजकोलती हाय ती. सांजपतूर खाजवत बसाल."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मामा," नेत्रा म्हणाली, "त्या काडीला पांढरी लव असती. पिवळी फुलं असतात. आपल्या रानात ती उगवत न्हाई." ती मामांच्या समोर जाऊन उभी राहिली. "ती माझ्या आईनं पाठवलीया. माझ्यासाठी."

मामांनी मान खाली घातली.

"शिरशीहून मी कषायाचं सामान मागवलं होतं," ते म्हणाले. "बसमधून पिशवी आली, पावसानं नाव पुसलेलं. मला वाटलं माझीच. दुसऱ्या दिवशी शिरशीची आली तवा कळलं. पण तोवर पावण्यांनी एवढं नावाजलं, की..."

"कुणाची हाय ते विचारायचं तरी."

"व्हय. विचारायला पायजे होतं."

"शिल्लक हाय का काय?"

"डब्यात बघूया," मामा म्हणाले.

परत येऊन मामांनी बिस्किटांचा डबा काढला. तळाशी चार काड्या होत्या, थोडा चुरा होता. नेत्रानं डब्यात नाक घातलं आणि ती रडायला लागली. शिल्पाताई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "आम्हाला माहीत नव्हतं गं," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मामा स्वतः नेत्राच्या घरी गेले आणि तिच्या वडलांपुढे, अप्पांपुढे, कान धरून उभे राहिले. "ह्या पोरीचं नाक पोलिसात पायजे होतं," ते म्हणाले. "आणि झिलू नसता तर आज माझे पावणे खाजवत पुण्याला गेले असते."

"आणि मी?" सूरज म्हणाला.

"तू मीठ आणलंस की."

अप्पांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाणी पोर. नाक आईचं घेतलंस," ते म्हणाले. तिच्या आईबद्दल ते एरवी फार बोलत नसत.

मामांच्या जीपमधून सगळे रेंज येणाऱ्या माळावर गेले. थर्मासमध्ये चहा होता. फोन लागला. आई तिकडच्या स्वयंपाकघरात पेला घेऊन बसली होती.

"पी," आई म्हणाली. दोघींनी एकदमच घोट घेतला. "कसा लागतोय?"

नेत्राला खोटं बोलता आलं नाही. "वास तुझा हाय. चव गवताची."

आई हसली. "मलाबी पहिल्यांदा तशीच लागली. आता घरच्यागत लागतोय."

घरच्यागत. नेत्राला ते ऐकून कसंतरीच झालं. "मग आपलं घर?" तिनं विचारलं.

आईनं पेला खाली ठेवला. "परवा हितली 'रीगानी' म्हणतात ती पानं दह्यात वाटली," ती म्हणाली. "हितं ती मटणावर घालतात. वास अगदी आपल्या दोडपत्रीच्या पानांसारखा, ओव्यागत. म्हटलं, आपण भातावर घेतो तशी तंबळी करू. बाईंनी वाटी चाटून खाल्ली."

"आणि तू?"

"डोळे झाकून खाल्ली गे. तरी तंबळी झाली न्हाई."

माळावर वारा सुटला होता. नेत्रानं पेला दोन्ही हातांनी धरला.

"पी, गार होईल," आई म्हणाली.

"तूबी पी."

पेले रिकामे झाले, तरी दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही.