दोन मिनिटं अडतीस सेकंद

ओर्फा स्टिडहॅमच्या चर्चमध्ये कुठलंच वाद्य नव्हतं. पुढे उभा असलेला गायक एक ओळ म्हणायचा आणि सगळी मंडळी ती संथ ओढत न्यायची. लहानपणी आईने तिला बजावलं होतं, शेजारची श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. मग सूर तुटत नाही, आणि कुणाचा श्वास कुठे संपला हे कुणाला कळत नाही.

लग्नानंतर ती आणि ड्यूई तसंच गायचे, एका माइकसमोर, गालाला गाल लागेल इतके जवळ. पूर्व केंटकीच्या डोंगरांत ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती. पण सव्वीस वर्षं खाणीत काढल्यावर ड्यूईची फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरली. १९६९च्या वसंतात ओसरीच्या सात पायऱ्या चढताना तो दोनदा थांबे.

"एक रेकॉर्ड निघू दे," तो म्हणे, "मग खुशाल पुरा मला."

"आणि खड्डा कोण खणणार? घरात खाणवाला तूच एक," ओर्फा म्हणे. मग आत जाऊन डोळे पुसून येई. तिला रेकॉर्डचं काही नव्हतं. तिला तो हवा होता.

नॅशव्हिलच्या एका लहानशा स्टुडिओत त्यांना एक दुपार मिळाली. गाणं सवालजवाबाचं होतं. ती विचारते, किती लांब आहेस? तो म्हणतो, एकच वळण राहिलंय. शेवटी दोघं मिळून 'घर' या शब्दावर सूर लांबवतात.

त्या सुरावर ड्यूईचा दम तीन सेकंदांत संपला. ओर्फाने त्याचे ओठ मिटताना पाहिले. ती एकटीच सहा सेकंद गात राहिली.

टेप परत वाजवली तर दोन्ही आवाज शेवटपर्यंत होते.

"वा, ड्यूईदादा! दम आहे की अजून!" काचेमागे टेप चालवणारा वेंडेल म्हणाला.

ओर्फाने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. घरी परतताना बसमध्ये तिने विचारलंच, "तू तोंड मिटलं होतंस ना?"

"मिटलं होतं," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

रेकॉर्डच्या लेबलवर वेळ छापली होती, दोन मिनिटं अडतीस सेकंद. ती स्टॉपवॉच लावून मोजलेली असते. निवेदक तिच्याच भरवशावर बाराच्या बातम्यांआधीचं गाणं लावतात. महिन्याभरात गावच्या रेडिओवरच्या क्लीट आयसनचा फोन आला.

"ओर्फा मावशी, तुमच्या गाण्याने मला बातम्यांच्या अंगावर ढकललं. हे दोन चव्वेचाळीस भरतंय."

"तुझी तबकडी हळू फिरत असेल रे."

"बाकीच्या रेकॉर्डी बरोबर आहेत. शिवाय हळू फिरली असती तर सूर खाली उतरला असता ना?"

जूनमध्ये ते दोन एक्कावन्न भरलं. वाढत होता तो फक्त शेवटचा सूर. लोकांना नेमका तोच आवडत होता.

आणि ड्यूई सुधारत होता. एके दिवशी तो पायऱ्या न थांबता चढला. डॉक्टरांनी छातीचा जुना आणि नवा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "फोटो जसाच्या तसा आहे," ते म्हणाले. "माणूस मात्र दुसराच दिसतोय."

पत्रं येत होती. आधी नुसतं कौतुक असे. मग एकाने लिहिलं, बाबा तुमच्याबरोबर रोज शेवटचा सूर धरतात, पण हल्ली त्यांना फार धाप लागते. दुसऱ्या एकीच्या आईचं तसंच झालं होतं. ऑगस्टपर्यंत अशी अकरा पत्रं झाली. न्याहारीआधी गुडघे टेकायचा ओर्फाचा नेम होता. ती अकरा नावं तिने प्रार्थनेत घेतली, एकेक करून. मग उठून रेडिओला फोन केला आणि आपलंच गाणं मागितलं. ज्या दिवशी ते लागे, त्या दिवशी ड्यूईचा रंग चांगला असे. हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये शेजारची लोव्हिना ओळीच्या मध्यावर मटकन खाली बसली. चाळीस वर्षं ती ओर्फाच्या डाव्या हाताला उभी राहून गात आली होती. तिचा आवाज मंडळीत सगळ्यात वरचा.

बाहेर आल्यावर ओर्फा म्हणाली, "तू आमचं गाणं ऐकू नकोस गं रोज."

"अगंबाई! रेडिओवर आलीस तर आम्ही ऐकायचंसुद्धा नाही?" लोव्हिना हसली आणि ते हसू खोकल्यात गेलं. "ऐकते काय, म्हणते मी तुमच्याबरोबर. ड्यूई कसा आहे?"

"बरा आहे."

"देवाची कृपा."

पुढचं सगळं ओर्फाच्या जिभेवर आलं होतं. तिने लोव्हिनाची शाल नीट केली आणि ती घरी आली.

सोमवारी तिने फोन केला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी ड्यूईचे ओठ निळसर झाले. तो ओसरीवर खुर्चीत बसून होता.

"हल्ली लावत नाहीत का गं आपलं?" त्याने विचारलं. एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला.

बाराला दहा मिनिटं होती. ओर्फाने फोन उचलला.

"लावतोच आहे, मावशी," क्लीट म्हणाला. "आत्ताच लोव्हिनाबाईंनी फोन करून सांगितलं. मी आवाज ओळखलाच नाही आधी. दोन शब्दांमध्ये केवढ्या थांबत होत्या! ड्यूईच्या नावाने लाव म्हणाल्या."

ओर्फाने दारातून ओसरीवरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"मावशी? लावू ना?"

"लाव," ती म्हणाली.

तिने रेडिओ सुरू केला आणि ती स्वयंपाकघरात उभी राहिली. सवाल झाले, जवाब झाले. शेवटचा सूर लागला.

त्यात आता तिसरा आवाज होता. सगळ्यात वरचा.

बातम्यांची वेळ टळून गेली तरी सूर चालू होता.

मग वरचा आवाज थांबला. बाकीचे दोन तसेच पुढे गेले.

ओसरीवरून ड्यूईने खणखणीत हाक मारली, "ओर्फा, वाढतेस ना? आज फार भूक लागलीय गं."