न पुसलेली काच

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक नियम आहे: दुरुस्तीला आलेल्या चष्म्याची आधी काच पुसायची, मग बाकीचं. बाबांनी तो माझ्यामुळे केला. चौदा वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाचा चष्मा मी गंमत म्हणून डोळ्यांवर चढवला, तर समोर दूध उतू जाताना दिसलं. चष्मा काढण्याआधी त्या बाईंनी शेवटचं तेच पाहिलं होतं. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण दिसतं ते दिसतं, आणि काच पुसली की जातं.

दादा म्हणाला, "वा! घरबसल्या फुकट सिनेमा!" बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात मऊ फडकं दिलं.

दुकानाच्या वर शिंपीणबाई राहायची. आई गेल्यापासून बाबांच्या शर्टाची बटणं फार तुटायची, आणि ती लावायला ते वर जायचे. आम्ही भावंडं त्यावर खूप हसायचो. मग दादाचं हसू आटलं. एका दुपारी जिन्यात त्याचं तिच्याशी कडाक्याचं वाजलं. "आमच्या बाबांचा नाद सोडा," हे त्याचं ओरडणं सगळ्या इमारतीनं ऐकलं. संध्याकाळी ती शिलाईच्या टेबलाखाली मेलेली सापडली, गळ्याला मापाची टेप आवळलेली. पोलिसांनी दादाला उचललं.

कोठडीच्या गजांआडून तो एवढंच म्हणाला, "मी हातसुद्धा लावला नाही गं तिला. तू तरी काहीतरी कर." त्याचा चेहरा पार उतरला होता.

काय करणार होते मी, कपाळ? पण परवा शिंपीणबाईची बहीण दुकानात आली. बाबा वकिलाकडे गेले होते.

"खोलीतलं सामान मिळालं आज," ती म्हणाली आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा काउंटरवर ठेवला. "मशीनमागे पडला होता. दांडीचा स्क्रू तेवढा बसवून द्या. आठवण म्हणून ठेवते."

"पुसलात का हो?"

"नाही बाई. हातच होत नाही."

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं. खरा खुनी दिसला की दादा सुटलाच, असं मला वाटत होतं. पोलीस माझं ऐकणार नाहीत हे कळत होतं, पण नाव तर कळेल! पुढचं पुढे.

चष्मा घातला.

छत दिसलं. दिव्याभोवती एक माशी फिरत होती. सगळं तिरकं दिसत होतं, कारण चष्मा नाकावर वाकडा झाला होता.

मग दोन हात खाली आले. सावकाश. त्यांनी दोन्ही दांड्या धरल्या आणि चष्मा सरळ केला. अगदी हलक्या हातानं, गिऱ्हाइकाला बसवून देतात तसा.

हे आमच्या घरात दोघांनाच जमतं. दादाला, आणि त्याला ज्यांनी शिकवलं त्यांना. वाकडा चष्मा बाबांना मुळीच सहन होत नाही. रस्त्यात अनोळखी माणसालासुद्धा थांबवतात.

उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं. काच घासायच्या यंत्रात सापडून गेल्या महिन्यात काळं झालेलं. दादाची नखं स्वच्छ आहेत.

मी चष्मा काढून ठेवला. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला द्यायचं. आणि पुरावा काय, तर मला दिसलं!

दार वाजलं. बाबा आत आले. त्यांनी चष्मा लगेच ओळखला.

"काच पुसलीस?"

"नाही."

"घालून पाहिलास?"

मला खोटं बोलता येत नाही. दादा त्यावरून मला भोळसट म्हणतो. त्या वेळी मात्र जमलं.

"नाही."

बाबांनी फडकं घेतलं. दोन्ही काचा दोन्ही बाजूंनी शांतपणे पुसल्या. उजेडात धरून पाहिल्या. स्क्रू पिळला.

"ये इकडे. दांड्या सारख्या झाल्यात का बघू."

मी गेले. न जाऊन कुठं जाणार होते?

"मान वर," बाबा म्हणाले. "समोर बघ."

दोन्ही हात जवळ आले. अंगठे माझ्या कानांमागे टेकले. चष्मा सरळ बसला, तरी त्यांनी हात काढले नाहीत.